मीठ मोजताना

हेमाली नर्सिंगला कोल्हापूरला गेली
आणि बरणी माझ्याकडे ठेवून गेली.
दुकानदार त्याला फायटर म्हणतो,
हेमाली बेट्टा,
आणि सुहासिनी, कानाला लागलं तसं, बेटा.

शेपटीची झालर उसवली आहे तीन जागी,
कल्ल्यामागे खवला निघाल्याची तांबूस खूण,
आणि एका टोकाला
कापसाचा धागा अडकावा तसं पांढरं काहीतरी.
ते दिसलं आणि मी फोन लावला.

जाळं असतं तर कुणाला विचारलं नसतं.
दांडीवर पंचवीस वर्षं फाटकंच सांधतोय,
गाद्यांनी फाडलेलं, खडपाला लागून चिरलेलं,
सुई, दोरा, गाठ, पुढची गाठ.
ह्याला सुई लावता येत नाही.
ह्याचं ह्यानंच विणायचं,
मी पाणी सांभाळायचं.

"मामा, आधी हात धुवा. साबण नको,
नुसत्या पाण्यानं, पण चांगले."
विहीर मचूळ, तिचं पाणी नको.
नळाचं रात्रभर परातीत उघडं ठेवायचं,
रोज पाव हिस्सा काढायचं, तेवढंच घालायचं,
नवं पाणी जुन्याइतकंच कोमट.
मीठ पुडीतलं नाही, खडे मीठ,
शिरोड्याच्या मिठागरातलं,
चार लिटरला चहाचा एक चमचा,
वाटीत आधी विरघळवून, हळूहळू.

समुद्र दारापासून चाळीस पावलांवर
आणि मी मीठ मोजतोय.
समुद्राचं पाणी घातलं तर मरेल, म्हणाली.

सुहासिनी बाजारातून आली,
कोयती धुता धुता बघत राहिली:
"टोपलीभर मासळी मी रोज कापतंय,
आनी तू एकाक मीठ मोजतंस?"
मी म्हटलं, चिघळायला नको.
ती गप्प झाली.

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट
दोन पेरं आखूड आहे.
वागळीचा काटा, अठ्ठ्याण्णव साल.
तीन दिवस चुना लावून होडीवर जात राहिलो,
चौथ्या दिवशी हात खांद्यापर्यंत सुजला.
ओरोसला कापलं.
तो वास मला अजून ओळखता येईल.
डबा घेऊन तीच यायची, एसटीनं, रोज.

संध्याकाळी बदामाचं पानही तिनंच आणलं,
शाळेमागच्या झाडाचं, आपसूक गळलेलं, करकरीत सुकलेलं.
हेमालीनं सांगितलं होतं, जखमेला बरं असतं.
पाणी कोऱ्या चहासारखं झालं
आणि तो त्या पानाखाली जाऊन
एका कुशीवर पडून राहिला.
दोन दिवस खाल्लं नाही.
सुहासिनी रात्री उठून टॉर्च मारून यायची,
आणि मला वाटायचं, ती पाणी प्यायला उठली.

हेमालीला एक सांगितलेलं नाही.
दाढीचा आरसा मीच टेकवला होता बरणीला,
खिडकीत उजेड चांगला म्हणून.
रात्रभर तो लढत होता
समोरच्या त्या फुगलेल्या, निळ्या, मागे न हटणाऱ्याशी,
काचेवर आपटत,
शोभेच्या शंखाला घासत. शंखही मीच टाकलेला.
सकाळी दोघेही जखमी होते.

आता आरसा न्हाणीत उलटा टांगलाय.
पंपाजवळ उभा राहून अंदाजानं दाढी करतो.
हनुवटीवर माझ्याही दोन चिरा आहेत,
त्यांना तुरटी.

अकराव्या दिवशी कापूस गेला.
झालरीला नवी कड आली, तिला रंगच नाही,
जुन्या जाळ्यात नवा नायलॉन घातला की
ठिगळ लांबून कळतं, तसं.

आणि परवा पानाखाली फेस.
बुडबुड्यांचा दाट पुंजका.
मी घाबरलो, पाणी नासलं म्हणून
पेला उचलला होता ओतायला,
आधी तिला व्हिडिओवर दाखवलं.
ती हसायलाच लागली.
"मामा, फेकू नका! घर बांधलंय त्यानं."

कुणासाठी, मी विचारलं.
तिची ड्युटी सुरू झाली होती.
आरशाचंही सांगायचं राहिलंच.